चांगल्या डोळ्यावरची पट्टी

आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे. ज्याचा प्रयोग, त्याने आधी स्वतः खुर्चीत बसायचं. काळ्या पडद्यामागे ती खुर्ची, हनुवटी टेकवायला एक टेकू, पुढे स्क्रीन आणि हाताशी दोन बटणं. दुसऱ्याला तिथे तासभर बसवायचं तर आधी आपली मान अवघडली पाहिजे, असं आमचे सर म्हणतात. रीत चांगलीच आहे. माझं जे काही बिघडलं ते या चांगल्या रीतीपायीच बिघडलं, म्हणून मला तिचा अजून राग येतो.

मी निपाणीची. बंगळूरला पीएचडी करते म्हटलं की गावाकडचे लोक मान डोलावतात आणि "आयटीत ना?" असं विचारतात. नाही म्हटलं की त्यांना वाटतं, पोरगी काहीतरी लपवतेय. माझं काम सांगायला खरं तर सोपं आहे. माणूस कसा बघतो हे कळावं म्हणून मी कॉम्प्युटरला बघायला शिकवते. न्यूरल नेटवर्क म्हणजे आकड्यांच्या थरांवर थर. एका बाजूने चित्र आत जातं, दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर येतं, आणि उत्तर चुकलं की आतले आकडे जरासे हलवायचे. पुन्हा चित्र, पुन्हा उत्तर, पुन्हा हलवाहलव. बाकी जगाला आपलं नेटवर्क हुशार व्हायला हवं असतं. आम्हाला ते माणसाइतकंच मठ्ठ हवं असतं. माणूस जिथे फसतो तिथेच ते फसलं, तर म्हणता येतं की ते माणसासारखं बघतं.

माझा विषय होता अंतराची जाण. समोरच्या दोन वस्तूंपैकी जवळची कुठली आणि लांबची कुठली, हे आपल्याला कसं कळतं? दोन डोळ्यांना एकच दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. म्हणून माझ्या नेटवर्कलाही प्रत्येक वेळी दोन चित्रं मिळायची, एक डाव्या डोळ्याचं आणि एक उजव्या डोळ्याचं. रस्ते, बाजार, जिने, ओट्यावरची भांडी. चित्रावर दोन ठिपके आणि प्रश्न एकच: कुठला ठिपका जवळ?

रीतीप्रमाणे पहिली मी बसले. भराभर उत्तरं दिली. त्या उत्तरांवर नेटवर्क तयार केलं आणि ते माझ्याशी असं काही जुळलं की सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, जे ते सहसा करत नाहीत. मग लॅबमधल्या बाकीच्यांना बसवलं, आणि त्यांचं काही जुळेना. मी आणि नेटवर्क एकीकडे, बाकीचे सगळे दुसरीकडे. शहाण्या माणसाने अशा वेळी स्वतःकडे बघावं. मी ठरवलं की बाकीचे वेंधळे आहेत. एकाला म्हटलं, तू जेवून आलास आणि डुलक्या काढल्यास. दुसरीला म्हटलं, तुझं लक्ष फोनकडे होतं. सगळ्यांना परत बसवलं. जगातली सगळी माणसं चुकतात आणि मी तेवढी बरोबर, हे इतक्या शांतपणे मानायला डोळ्यांवर संशोधनच करावं लागतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याचा एक मुलगा बसतो. त्याला आणखी एकदा बसवायला निघाले तेव्हा तो उखडला.

"ऐक ना, सिरियसली, मी डोळे फाडून बघितलंय. प्रॉब्लेम माझ्यात नाहीये, तुझ्या मॉडेलमध्ये आहे. आत उघडून बघितलंस का एकदा तरी?"

उघडून बघितलं. नेटवर्कच्या आत कुठल्या चित्राला किती वजन मिळतंय ते काढता येतं. उजव्या डोळ्याच्या चित्राला भरपूर वजन होतं. डाव्या डोळ्याच्या चित्राला जवळजवळ नव्हतंच.

"हे बघ," तो म्हणाला, "लेफ्ट इमेज हे वापरतच नाहीये. एका डोळ्याने बघतंय हे."

मी म्हटलं, कोडमध्ये काहीतरी चुकलं असेल. दोघांनी मिळून कोड तपासला. कोड ठीक होता.

"ट्रेन कोणाच्या डेटावर केलंयस?"

"माझ्या."

तो गप्प बसला. पुण्याचा माणूस गप्प बसला म्हणजे गोष्ट गंभीर आहे, एवढं मला तेव्हाही कळलं.

लॅबच्या कपाटात ठिपक्यांचे छापील तक्ते असतात आणि त्यांच्याबरोबर एक लाल-हिरवा चष्मा. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी ही चाचणी द्यावी लागते. मी सगळ्यांची घेतली होती. स्वतःची घेतली नव्हती, कारण प्रयोगच माझा. त्याने कपाट उघडलं आणि चष्मा माझ्या हातात ठेवला. दोन्ही डोळे धड असतील तर त्या ठिपक्यांतून एक चौकोन कागद सोडून वर उठलेला दिसतो. मला ठिपके दिसले. मी कागद जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा घातला.

"कुठे आहे चौकोन?"

त्याने बोट ठेवून दाखवलं. मला बोट दिसलं.

माझा डावा डोळा लहानपणी आळशी होता, हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. अशा डोळ्याला कामाला लावायचं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवतात, म्हणजे मेंदूला आळशी डोळ्यावाचून गत्यंतर उरत नाही. आई मला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायची. कातडीच्या रंगाची ती चिकट पट्टी, काढताना भुवईचे केस ओढायची. मला त्यातलं फार थोडं आठवतं. चिकटपणाचा वास आठवतो. आणि एक खेळ आठवतो: आईही आपल्या एका डोळ्यावर रुमाल बांधायची आणि आम्ही दोघी घरभर तशाच फिरायचो, भिंती धरत, हसत. मग एक दिवस खेळ बंद झाला आणि पट्टीही. तू फार रडायचीस म्हणून काढली, असं आई सांगायची. पुढे चष्मा लागला, डोळा दिसायला सरळ झाला, आणि मी धरून चालले की बरा झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी मी लॅबमधून निघाले आणि चालत सुटले. मला तसंही एका जागी बसवत नाही. जयनगरला मी ज्यांच्याकडे राहते त्या अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. त्यांनी घरात मराठी जपली आहे आणि तीत कन्नड कधी मिसळली हे त्यांना आता सांगता यायचं नाही. मला त्या रोज बोलतात, "पायाला भिंगरी आहे गं तुझ्या. स्वल्प बस तरी. ऊटा कधी करणार?" जेवायची वेळ कधीच टळून गेलेली असते. त्या दिवशीही तसंच झालं. जयनगरच्या फुटपाथवर फरश्या वरखाली झालेल्या आहेत, झाडांच्या मुळांनी उचललेल्या. दर फरशीपाशी माझा पाय आधी चाचपतो आणि मग टेकतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळेच असं चालतात.

राग कोणाचा आला ते सांगता येणार नाही, पण आला. बॅडमिंटन खेळताना शटल माझ्या रॅकेटला कधी लागलं नाही. सुईत दोरा ओवता आला नाही. पाणी ओतताना ते हमखास भांड्याच्या बाहेर. काकू, आत्या, मास्तर, मैत्रिणी, सगळ्यांनी मला धांदरट म्हटलं आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं. आई तेवढी कधी म्हणाली नाही. आणि आता कळत होतं की मी धांदरट नव्हते, मला फक्त दिसत नव्हतं. बाकीच्यांना जग कसं दिसतं हे मला कधीच कळणार नव्हतं. माझ्यासारखं बघणारं जगात एकच होतं, ते मी स्वतःच्या हाताने घडवलं होतं, आणि ते आता पुसून टाकावं लागणार होतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. मला वाटलं रागावले. ते खूश झाले होते.

"पुसायचं कशाला?" ते म्हणाले. "आपण एक चांगला प्रश्न सोडून भलताच विचारत होतो. लहान मुलाचा एक डोळा आळशी कसा होतो आणि पट्टीने परत कसा सुधारतो, हे नेटवर्कमध्ये करून बघ. तुझ्याइतकं हे कोणाला कळणार?"

संशोधनात माणसं अशी असतात. तुमचं घर जळत असलं तरी ती आधी ज्वाळेचा रंग टिपून ठेवतील. तरी मला ते पटलं. मी नवं नेटवर्क घेतलं, कोरं, कोणाचीही उत्तरं न शिकलेलं. सुरुवातीच्या काळात त्याच्या डाव्या डोळ्याला धूसर चित्रं दिली. ते अपेक्षेप्रमाणे उजव्या डोळ्यावर विसंबायला शिकलं. मग डाव्याची धूसरता काढली आणि उजवा डोळा झाकला, म्हणजे पट्टी लावली. इथून त्याच नेटवर्कच्या दोन प्रती करून दोन वाटा केल्या. एका नेटवर्कची पट्टी मध्येच काढून टाकली. दुसऱ्याची ठरलेली मुदत संपेपर्यंत, शेवटपर्यंत ठेवली आणि मगच काढली.

उत्तर आरशासारखं स्वच्छ आलं. ज्याची पट्टी शेवटपर्यंत राहिली त्या नेटवर्कला दोन्ही डोळ्यांनी बघता येऊ लागलं, अंतर कळू लागलं. ज्याची मध्येच काढली त्याला नाही. त्याच्या चुका आणि माझ्या चुका शेजारी शेजारी मांडल्या तर कुठली कोणाची ते सांगता आलं नसतं.

सर म्हणाले, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मिळालं. पुण्याच्या मुलाने मला कँटीनमध्ये कॉफी पाजली. मी ती अर्धी टाकून उठले, कारण पट्टी मध्येच कोणी काढली हे मला माहीत होतं.

त्यानंतरचे महिने मी स्वस्थ बसले नाही. उत्तर खरं निघालं तर माझा प्रबंध उभा राहत होता आणि आई चूक ठरत होती. खोटं निघालं तर आई सुटत होती आणि माझी सगळी वर्षं पाण्यात जात होती. मी ते मोडायच्या मागे लागले. सुरुवातीचे आकडे बदलून बघितले. धूसरता कमी करून बघितली, वाढवून बघितली. पट्टी उशिरा काढली, लवकर काढली. कधी फरक थोडा कमी व्हायचा आणि मला आशा वाटायची. कधी वाढायचा आणि मी लॅपटॉप बंद करून जयनगरच्या चौथ्या ब्लॉकच्या बाजारात उगाच फुलांचे भाव विचारत फिरायचे. सरांना वाटलं मी काटेकोर झालेय. पुण्याच्या मुलाला मात्र कळलं.

"तू टेस्ट नाही करत आहेस," तो म्हणाला. "तू भांडतेयस त्याच्याशी."

"मग?"

"मग काही नाही. ते हरणार नाहीये. आणि ऐक, ते नेटवर्क आहे. त्याला आई नाहीये. ते रडत नाही, शाळेत जात नाही. दॅट्स ऑल."

तो समजूत घालत होता. माझी समजूत पटली नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. ती निपाणीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची, आता निवृत्त आहे, आणि शिक्षकांची प्रश्न विचारायची सवय निवृत्तीनंतर वाढते.

"काय करायलीस सध्या?"

"तेच. चित्रं."

"कसली चित्रं? सांग की नीट. मला काय कळत नाही होय?"

"सांगेन गं. आता घाईत आहे."

मी घाईत नसायचे. जयनगरच्या त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत असायचे. तिला काय सांगणार होते? की तुझ्या लेकीला हुशार म्हणतात ते ज्या गोष्टीसाठी, ती गोष्ट म्हणजे तुझी चूक? कधी वाटायचं, सांगूनच टाकावं, आणि विचारावंही: का काढलीस? बाकीच्या आया नाही का पोरांना रडू देत? मग स्वतःचीच लाज वाटायची आणि मी खिडकी उघडायचे, बंद करायचे.

प्रबंध जमा करण्याआधी विभागात एक खुलं भाषण द्यावं लागतं. कोणीही येऊन बसू शकतं, घरच्यांना बोलावण्याची पद्धत आहे, आणि शेवटी कॉफी आणि मद्दूर वडे असतात. आईला हे कोणी सांगितलं? अक्कांनी. मी आंघोळीला गेले असताना फोन वाजला, त्यांनी घेतला, आणि मी बाहेर येईपर्यंत आईचं येणं ठरलेलं होतं.

"सगळं इंग्रजीत आहे," मी आईला म्हटलं. "तुला कंटाळा येईल."

"येऊ दे की. तुझ्या बारशाला पण मला कंटाळाच आलेला."

ती पहाटेच्या बसने उतरली. मी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर घ्यायला गेले. माझ्या हातात एक पिशवी देऊन तिने दुसरी स्वतः धरली, चालताना जरा रेंगाळून माझ्या मागून वळून दुसऱ्या बाजूला आली आणि मग कुठे बोलायला लागली. तिची ही जुनी सवय आहे. लहानपणापासून तिच्याबरोबर चालताना ती अशी मध्येच बाजू बदलते आणि मला चिडायला होतं. घरी पोचल्यावर अक्कांशी तिचं लगेच जमलं. एकीची मराठी, दुसरीची मराठी, मध्ये दोघींची कन्नड. "सरी, सरी," म्हणत अक्का तिला उपीट वाढत होत्या आणि मी भाषणातलं एक चित्र बदलत होते.

ते चित्र एका लहान मुलीचं होतं, उजव्या डोळ्यावर पट्टी असलेल्या. मी ते काढलं आणि त्या जागी दोन चौकोन टाकले. एकावर लिहिलं 'डावा', एकावर 'उजवा', आणि उजव्यावर रेघ मारली. मला वाटलं, भूगोलाच्या बाईंना यातून काही कळायचं नाही.

भाषण बरं झालं. मी बोलताना फेऱ्या मारते, त्याला इलाज नाही. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, नवी इरकल नेसून, पर्स मांडीवर, माझ्याकडे बघत. दोन चौकोन आले, गेले. शेवटचा आलेख आला आणि सर हसले. मग प्रश्न सुरू झाले. मागून एका बाईंनी हात वर केला. बहुधा दुसऱ्या विभागातल्या. त्यांनी सरळच विचारलं, आणि विचारताना डोळ्यावर आपला तळवा ठेवून दाखवला:

"म्हणजे आईबापांनी मुलाच्या डोळ्यावरची पट्टी मध्येच काढली, तर अंतराची जाण परत येत नाही?"

मी आईकडे बघितलं नाही. समोरच्या ग्लासकडे बघितलं. नेटवर्क म्हणजे मूल नव्हे, मुलांचं एकेकाचं वेगळं असतं, डॉक्टरांचं काम वेगळं, हे सगळं मी सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण प्रश्न त्याच्यापुढे उरत होता.

"आमच्या नेटवर्कमध्ये," मी म्हटलं, "नाही. परत येत नाही."

टाळ्या झाल्या. आईनेही वाजवल्या. मद्दूर वडा तिने अर्धा खाल्ला, सरांना नमस्कार केला, पुण्याच्या मुलाला "काय रे, जेवतोस का वेळेवर?" असं विचारलं. रिक्षाने जयनगरला आलो, पण घरापर्यंत न जाता तिने चौथ्या ब्लॉकला रिक्षा थांबवली. थोडं चालू या, म्हणाली. ऊन कलत होतं, बाजारात गर्दी होती.

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "ते चौकोन म्हणजे तूच न्हवं?"

मी हो म्हटलं. मग माझ्याने थांबवेना. मी सगळं तिच्यापुढे ओतलं. खुर्ची, ठिपके, नेटवर्क, आणि मी किती प्रकारांनी ते मोडायला बघितलं ते. म्हटलं, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुला कोणी नीट सांगितलं नसणार, तेव्हा कोणाला काय माहीत होतं. हे वाक्य मी महिनोन्‌महिने घोकत होते.

"मला माहीत होतं की," आई म्हणाली.

मी थांबले. मागचा माणूस माझ्यावर आदळला.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शाळेतसुद्धा पट्टी पाहिजे, दिवसभर पाहिजे, आता काढलीत तर पुढं या डोळ्याचं काही होणार नाही. दोनदा सांगितलं. मी काय अडाणी होते?"

"मग का काढलीस?" माझा आवाज चढला. फुलवाली वळून बघायला लागली. "मी रडले म्हणून? पोरं रडतातच ना गं!"

"रडण्यानं नाही काढली." ती चालायला लागली, म्हणून मलाही चालावं लागलं. "तुला तो खेळ आठवतो का, रुमाल बांधायचा?"

"आठवतो."

"तो खेळ नव्हता. तुला कसं दिसतंय ते मला बघायचं होतं. घरात जमत होतं. मग एका रविवारी म्हटलं, तुझ्या शाळेपर्यंत जाऊन बघावं. बाबांची बदली बागलकोटला, माझी शाळा तुझ्याच वेळेला, तू रोज हायवे ओलांडून एकटी जायचीस. तर मी डोळा बांधून निघाले. हायवेला उतरताना पायरी कुठं संपली ते कळंना. गटारीच्या कडंला पडले. आणि झाकलेल्या बाजूनं ट्रक आलेला मला दिसलाच नाही. बाजूनं गेला तेव्हा कळलं. तिथंच बसले मी, गटारीपाशी. माझा उघडा डोळा चांगला होता गं. तुझा तर कच्चा होता. आणि तू रोज जात होतीस."

मी हायवेची ती पायरी आठवून बघितली.

"दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टर रागावले. मी म्हटलं, डोळा राहू दे. पोरगी घरी येऊ दे."

आम्ही चालत होतो. समोर एक गाय फुटपाथवर आडवी बसली होती, तिला वळसा घातला. मला इतका राग आला होता आणि तो ठेवायला जागा उरली नव्हती. तरी मी एकदा म्हणालेच, "संध्याकाळी तरी बांधायचीस. घरात."

"बांधली की. काही दिवस बांधली. तू ओढून काढायचीस, मी दमून आलेली असायची. मग सोडून दिलं." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "ते मात्र चुकलं माझं. ते मला रोज आठवतं. तू पाणी सांडलंस की आठवतं."

म्हणून ती मला कधी धांदरट म्हणाली नव्हती. इतके महिने मी तिला जे कळू नये म्हणून खोलीत फेऱ्या मारत होते, ते तिने मी शाळेत जायच्या वयापासून जवळ ठेवलं होतं. आणि माझ्यासारखं बघणारं जगात एकच आहे असं मी मानत होते, तेही खरं नव्हतं. माझ्याआधी, कोणी न सांगता, तिने एक डोळा बांधून जग बघितलं होतं, पडली होती, आणि मग ठरवलं होतं.

कोपऱ्यावर रस्ता ओलांडायचा होता. बसेस, रिक्षा, स्कूटर, नेहमीचा गोंधळ. मी फुटपाथच्या कडेशी आले आणि माझा पाय नेहमीसारखा चाचपायला लागला. आई माझ्या उजव्या हाताला होती. तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, माझ्या मागून वळसा घातला आणि डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. मग माझा दंड धरून म्हणाली, "चल आता."